ताळा जुळला

आसेनोवग्रादमध्ये गाडीची ताकद वाढवून घ्यायची तर लोक प्लामेनकडे जात, वर त्याला घरी गाळलेली रकिया, फळांची दारू, नेऊन देत. झिवकोकडे येत ते फक्त सेन्सर बदलायला.

"प्लामेनच्या कामाला हात लावू नकोस हं," सेन्सर बदलायला आलेल्या स्तामेनकाकांनी गाडीची किल्ली देताना बजावलं.

झिवकोला राहवलं नाही. त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये प्लामेनने भरलेला डेटा लॅपटॉपवर उघडला आणि तो हबकलाच. सगळे आकडे झिवकोने स्वतः पूर्वी तयार केलेले होते. रिकाम्या जागेत त्याने सहीसारखं लिहून ठेवलेलं 'रालित्सा'सुद्धा जसंच्या तसं. त्यातलं एक अक्षर पुसलं तरी चेकसमचा, म्हणजे सगळ्या डेटाच्या बेरजेचा, ताळा चुकतो आणि गाडी सुरूच होत नाही. तो ताळा नव्याने जुळवणं प्लामेनला जमत नव्हतं, म्हणून चोराने नावासकट सगळं उचललं होतं.

झिवकोचा इतक्या दिवसांचा जळफळाट एका क्षणात निवला. काकांना हाताला धरून त्याने स्क्रीनपुढे आणलं.

"वाचा काका. प्लामेनच्या कामात माझ्या बायकोचं नाव. आता बोला."

काकांनी चष्मा लावून वाचलं. मग टोपी काढली आणि झिवकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे प्लामेन आणि रालित्साबद्दल गावात बोलतात ते खरंच आहे तर, पोरा."