कमळाची एक पाकळी

"एवढे सारखे टाके? हे मशीनवरचं आहे," म्हणत परीक्षकबाईंनी मोर्जिनाची कांथा बाजूला सारली. जुन्या साड्यांच्या थरांवरचं तिचं सहा महिन्यांचं भरतकाम बोलपूरच्या हस्तकला प्रदर्शनातून बाद होत होतं.

"तरी सांगत होते, एखादा टाका वाकडा घाल," रांगेत मागे उभी असलेली तिची जाऊ पुटपुटली.

मोर्जिनाने कात्री मागितली, कमळाच्या एका पाकळीची गाठ कापली आणि धागा अलगद ओढला. कापडाच्या दोन्ही बाजूंनी ती पाकळी नाहीशी झाली.

"दीदी, मशीनला वरून-खालून दोन धागे लागतात. हा एकच आहे."

"अहो, पण कमळ मोडलंत!"

"एकच पाकळी. तुमचा चहा निवायच्या आत भरते."

बाई रांग संपवून परतल्या, तेव्हा मोर्जिना सुई पदराला टोचत होती. चष्मा पुसून त्यांनी कमळ दोनदा न्याहाळलं आणि शेवटी तिलाच विचारलं, "यातली नवी कुठली?"