हिरवा बाण

निफ्टी म्हणजे नेमकं काय, हे नंदाबाईंना कधी कळलं नाही. पण तो मुलाचा मूड सांगतो, एवढं पक्कं कळलं होतं. हितेश गुडगावला शेअर ब्रोकरकडे नोकरीला. टीव्हीच्या पट्टीवर निफ्टीपुढे हिरवा बाण असला, की तो फोनवर म्हणायचा, "जयभीम आई, बोल ना." लाल असला, की खेकसायचा, "यार आई, मार्केट पडलंय, नंतर कर." म्हणून त्या आधी बाण बघायच्या आणि मगच फोन लावायच्या.

हितेशच्या बाबांना, राजारामांना, फरीदाबादच्या हॉस्पिटलात ठेवलं, तो आठवडा नेमका घसरणीचा निघाला. ते रोज नजरेनंच विचारायचे, हितेश? नंदाबाई वॉर्डाबाहेरच्या टीव्हीवर डोकावून यायच्या आणि मान हलवायच्या. "आज नको हो. उद्या बघू."

शुक्रवारी हॉस्पिटलातून फोन गेला आणि हितेश धावत आला. तोवर बाबांच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.

"आई, आधी एक फोन का नाही केलास गं?"

नंदाबाईंनी टीव्हीकडे बोट दाखवलं.


"आत्ता कुठे हिरवा झाला रे, बाळा."