चालकाचं झाकण

सोपानकाकांनी वीस वर्षं सैन्यात रणगाडा चालवलेला, म्हणून मी वही हौसेनं त्यांच्यापुढे सरकवली. माझ्या काल्पनिक इतिहासात नॉर्वे आणि स्वीडन कधी वेगळे झालेच नव्हते, आणि त्यांच्या सैन्यासाठी मी बर्फात न रुतणारा, हलका रणगाडा आखत होतो.

काका चित्रावर वाकले. "तोफ समोर असताना चालकाच्या डोक्यावरचं झाकण उघडतं का?"

"नाही, नळी आडवी येते. पण त्यामुळे चारशे किलो वजन वाचलं."

"आणि गाडी पेटली तर?"

"बाकीचे तिघं वरून सुटतात, काका," मी म्हणालो आणि तक्त्यातली ओळ दाखवली. 'चालेल असं नुकसान: माणूस एक.'

काकांनी शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा वण होता. "माझंही झाकण असंच अडलं होतं. आमच्या तोफवाल्यानं पेटत्या गाडीत मागे थांबून तोफ फिरवली, तेव्हा मी बाहेर पडलो. तो आतच राहिला."

ती ओळ पुसायला मी खोडरबर उचललं.

"पुसू नकोस," काका म्हणाले. "एकच्या पुढे नाव लिही. यल्लाप्पा."