हजार फुटांच्या आत

नगरपालिकेच्या सुनावणीत पास्टर ग्रेडी बोलायला उठले, तेव्हा ऑर्लीनच्या जिवात जीव आला. आपल्या चर्चचा माणूस. तिचा नवरा थॅडियस तुरुंगात होता तेव्हा दर रविवारी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करणारा. तिने शेजारी बसलेल्या थॅडियसचा हात दाबला.

गांजा विकला म्हणून थॅडियसची ऐन तारुण्यातली वर्षं आत गेली होती. आता मिशिगनमध्ये तोच गांजा कायद्याने विकला जात होता आणि राज्याचा परवाना थॅडियसच्या नावाने आला होता. अडलं होतं ते फक्त दुकानाच्या जागेला नगरपालिकेची मंजुरी मिळण्यावाचून. बंद पडलेलं एक केशकर्तनालय भाड्याने घेऊन दोघांनी आपल्या हातांनी रंगवलं होतं. शाळा लांब, बाग लांब. ऑर्लीनने स्वतः टेप धरून मोजलं होतं.

"थॅडियस भला माणूस आहे," पास्टर म्हणाले. "पण चर्चच्या तळघरात आम्ही पाळणाघर काढतोय. कालच अर्ज दिला."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून थॅडियसकडे पाहिलं. "पाळणाघराच्या हजार फुटांच्या आत हे दुकान चालणार नाही, मिस्टर पेटवे. नियम आहे."

"अहो, तिथे एक मूल नाही अजून!" ऑर्लीन ताडकन उठली. "त्या तळघरात पाणी साचतं. मीच पुसते ते!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मंजुरी नाकारली गेली.

बाहेर पायऱ्यांवर पास्टर तिच्यासाठी थांबले होते. "सिस्टर, मनाला लावून घेऊ नका. हमरस्त्यालगत गोदामांकडे बघा ना जागा."

"तिथली सगळी जागा त्या शिकागोच्या गांजा विकणाऱ्या कंपनीने घेतलीय. तुम्हाला ठाऊक नाही?"

पास्टरांनी हॅट हातात फिरवली. "चर्चचं छप्पर गळतंय, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "कंपनी नवं घालून देतेय."

ऑर्लीनने पास्टरांकडे पाठ फिरवली. ती थॅडियसला शोधू लागली. तो खाली फुटपाथवर उभा होता, त्याच कंपनीचं नाव असलेला कोट घातलेल्या एका तरुणाशी बोलत.

"दुकानाच्या दारावर उभा राहायला माणूस हवाय आम्हाला," तरुण हसून सांगत होता. "वस्तीतली पोरं ज्याला ओळखतात असा. तुमच्यासारखा."

"थॅड, चल घरी," ऑर्लीन म्हणाली.

थॅडियसने तिच्याकडे पाहिलं नाही.

"कधीपासून येऊ, साहेब?" त्याने विचारलं.