मेंदीचा अर्क

बोकडाच्या यकृताचा केसाएवढा पातळ काप काचपट्टीवर चिकटला होता. शिवांजलीनं त्यावर मेंदीच्या पानांचा अर्क सोडला. कपिल कांबळेनं मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. विकतच्या रंगाऐवजी मेंदीनं पेशी नीट रंगतात का, एवढंच दाखवायचं होतं. प्रकल्प उद्या द्यायचा होता. चार दिवसांत दोघांची बोटं लालभडक झाली होती.

लाथ बसली आणि प्रयोगशाळेचं दार भिंतीवर आदळलं. तिचा भाऊ धैर्यशील आत आला. फौजेतून पंधरा दिवसांच्या सुटीवर होता. त्यानं तिचा हात उलटा करून पाहिला. मग कपिलचा.

"आत्या एस्टीत तुमचं हात बघून आली ते खोटं न्हाई तर. कवा लावलं लगीन?"

"दादा, लगीन कुठलं? कापाला द्यायचा रंग हाय ह्यो."

"ह्याच्या बी हाताला लागलीया मेंदी, आन् मला कापाचं सांगतीस व्हय?"

त्यानं कपिलची गचांडी धरून त्याला टेबलावर आपटलं. अर्काची बरणी धैर्यशीलच्या दोन्ही हातांवर उलटली. त्या ओल्यातच त्यानं कपिलचा उजवा हात दाबून धरला आणि शेजारचा लोखंडी स्टँड उचलला.

"ह्योच हात का रं?"

पहिल्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्याला फक्त कपिलची किंकाळी. शिवांजली भावाच्या कोपराला लोंबकळली. त्यानं झटकलं, तशी तिची कपाळपट्टी बेसिनच्या कडेवर आपटली. काचपट्ट्यांचा डबा फरशीवर फुटला. स्टँड तिसऱ्यांदा वर गेला आणि गजर वाजला.

धैर्यशील थबकला. आवाज कुठून येतोय ते शोधताना त्याची नजर भिंतीवरच्या फळ्यावर गेली. 'बोकडाचं यकृत : मेंदीच्या अर्कानं रंगवणे.' खाली दोघांची नावं, चार दिवसांच्या तारखा, रोजची वेळ. त्यानं ते दोनदा वाचलं. स्टँड खाली ठेवला.

शिवांजलीनं कपिलचा हात ओढणीत गुंडाळला. धैर्यशील नळाशी गेला. रक्त पहिल्याच पाण्यात गेलं. तळवे मात्र मनगटापर्यंत केशरी होते. त्यानं साबण लावला. मग बाटल्या धुवायचा ब्रश घेऊन घासायला लागला.

"आज असाच दिसंल," कपिलला खांद्याचा आधार देऊन उठवत शिवांजली म्हणाली. "उद्या लाल चढंल. आत्यानं इचारलं तर सांग, तुझं लगीन कुणासंगं लागलं ते."