पहिल्या आठवड्यातलं गिऱ्हाईक

मुलाने स्वयंपाकाला बाई ठेवली, त्या दिवसापासून मला कुणी ओट्याजवळ फिरकू देत नाही. "चाळीस वर्षं राबलीस, आई. आता निवांत बस." बसून बसून जीव आंबला, तेव्हा आमच्या भागात नवीन हॉटेल उघडलं की मी पहिल्याच आठवड्यात एकटी जाऊन जेवू लागले.

"या वयात जिभेचे चोचले बघा!" सून फोनवर माझ्या लेकीला सांगत होती. मी ऐकलं आणि चपला घातल्या.

शाळेसमोरच्या नव्या हॉटेलात पहिल्याच घासाला मालकाला बोलावलं. "बाबा रे, कांदा कच्चा आहे. एवढी कसली घाई?"

"आचारी सकाळीच पळाला, आजी. मीच ढवळतोय कसंबसं," तो रडवेला होऊन म्हणाला. "एवढं कळतं तर तुम्हीच करून दाखवा!"

संध्याकाळी घरी पोचले, तर मुलगा दारातच उभा. "दिवसभर पत्ता नाही तुझा! आज काय काय चाखलंस?"



"आज खायला वेळच मिळाला नाही रे. उद्यापासून शाळेसमोरच्या हॉटेलात जेवायला याल तर आधी फोन करा, माझ्या हातचं खायला आज रांग लागली होती."