दहा वाजताचा आकडा

दहा वाजता नूरीनच्या मोबाइलवर आकडा आला. दोनशे एक्क्याऐंशी. कालच्यापेक्षा बावीस जास्त.

सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यात ती चांदीच्या शाईनं पट्ट्या छापायची. पट्टीला बॅटरी नसते. रक्ताचा थेंब टेकवायचा, मोबाइल जवळ धरायचा. त्याच्याच जिवावर ती जागी होते, साखर सांगते आणि कचऱ्यात जाते. स्क्रीन प्रिंटिंग तिला अब्बांनी, हुसेनभाईंनी, फलटणच्या दुकानात लग्नपत्रिका छापता छापता शिकवलेलं. पत्रिका चुकली तर फार तर व्याही रुसतात. पट्टी चुकली तर माणूस जातं.

अम्मीला दहा वर्षांची शुगर. डॉक्टर रोजे नको म्हणत होते, पण हाजराबी ऐकणाऱ्यातली नव्हती. शेवटी तडजोड झाली. रोज दहाला आकडा पाठवायचा. फार उतरला तर रोजा सोडायचा, चढला तर डॉक्टर गोळी वाढवणार. अम्मीला मोबाइल कळत नसे, म्हणून पट्टीचं काम अब्बांकडे.

गोळी दोनदा वाढली होती. आकडा तरी चढतच होता.

तिनं फोन लावला. "अम्मी, पहाटे सहरीला काय खाल्लंस?"

"अर्धी भाकरी आन् दही. तुज्या गळ्याची शपथ."

"चोरून गोड खातेस?"

"मी कशाला खाऊ? उलट हे बग, दिसभर माज्या म्होरं तांब्यावर तांब्या पाणी पित्यात. रोजेवालीला चिडवत्यात."

मागून अब्बांचा हसण्याचा आवाज आला. यंदा अशक्तपणामुळं त्यांचे रोजे सुटले होते. पँटला दोरी बांधून फिरतात, असं अम्मी मागे म्हणाली होती.

"अब्बा, तुमीपण डॉक्टरला दाखवा की."

"मला काय धाड भरलीया? वय झालं. आधी तुज्या अम्मीचं बग."

नूरीननं आकडा डॉक्टरांना पाठवला. तिसऱ्यांदा गोळी वाढली. मग तिनं अम्मीला ज्या गठ्ठ्यातल्या पट्ट्या दिल्या होत्या त्यातल्याच चार काढून ठरावीक साखरेच्या पाण्यात तपासल्या. चारही बरोबर. तरी मन खात होतं.

सतराव्या रोजाला आकडा तीनशे सहा आला. दुपारी शेजारच्या धोंडुबाईचा फोन.

"नूरीन, आई पडली बग तुजी. दवाखान्यात आणलीया. साखर पंचेचाळीसवर आली म्हनत्यात."

फलटणच्या एसटीत ती खिडकीशी बसून राहिली. पंचेचाळीस. सकाळी तीनशे सहा. म्हणजे तिच्या हातची पट्टी खोटं बोलत होती, आणि त्या खोट्यावर तिनं आईला गोळ्या चारल्या होत्या. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. बाहेर उसाच्या गाड्या जात होत्या आणि तिला काही दिसत नव्हतं.

दवाखान्यात सलाइन चालू होतं. अम्मी शुद्धीवर आली होती. अब्बा भिंतीकडेच्या बाकड्यावर बसले होते, गालफडं बसलेली. घाबरलेत बिचारे, नूरीनला वाटलं.

तिनं पर्समधून त्याच गठ्ठ्यातली पट्टी काढली. नर्सनं अम्मीचं बोट टोचलं. एक थेंब दवाखान्याच्या मशिनला, एक पट्टीला. मशिन म्हणालं एकशे चौदा. मोबाइल म्हणाला एकशे बारा.

पट्टी खरी होती. नूरीनचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला.

"अम्मी, मग सकाळचे तीनशे सहा कुठून आले?"

हाजराबीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रागावू नगंस. रगत काढलं तर रोजा ऱ्हाईल का न्हाई, माज्या मनात लय भ्या हुतं. हे म्हनाले, चाळीस वर्सं एका ताटात जेवतोय, दोघांची साखर काय येगळी असणार? ह्यांचा रोजा नव्हता. म्हनून रोज बोट ह्यांचं टोचत हुतो."

बाकड्यावर अब्बांनी पाण्याची तिसरी बाटली तोंडाला लावली.